मुक्काम : दोन वर्षं दहा महिने

"वैजू, मी इथिओपियाला गेलो ती तारीख कुठली गं?"

श्रीशैलनं एवढंच विचारलं, तेही पोहे खाता खाता. वैजयंता गॅसपाशी उभी होती. तिला वाटलं, पासपोर्टचं काहीतरी काम निघालं असेल.

"गणपती झाल्यावर की. येत्या गणपतीला चार वर्षं होतील."

"आणि आलो कधी?"

"गेल्या श्रावणात. असं काय विचारताय?"

"मधे एकदा तरी आलो होतो?"

"कुठलं येताय. मशिनी बसवायच्या कामातनं सुट्टीच नव्हती की तुम्हाला."

श्रीशैलनं ताटली बाजूला सारली आणि मोबाईल तिच्यासमोर ओट्यावर ठेवला. पंधरा दिवसांपूर्वी गल्लीतल्या शिबिरात बायकांची तपासणी झाली होती ना, तिचा रिपोर्ट आला होता. फॉर्मवर मोबाईल नंबर मागितला तेव्हा वैजूनं नेहमीप्रमाणं नवऱ्याचाच दिला होता. गॅसला तोच, रेशनला तोच, म्हणून इथंही तोच.

वैजयंता श्रीशैल हावळ. वय ४०. विषाणू : आढळला. विषाणूचा मुक्काम, अंदाजे : २ वर्षे १० महिने. धोका : पिवळा. एक वर्षाने पुन्हा तपासणी.

तिनं दोनदा वाचलं. मग तिच्या लक्षात आलं की नवरा रिपोर्ट वाचतच नाहीये, तो तिचं तोंड वाचतोय.

"दोन वर्षं दहा महिने," श्रीशैल म्हणाला. "मला जाऊन वर्ष झालं होतं तेव्हा."

आता हे मुक्काम प्रकरण काय होतं ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. गर्भाशयाच्या तोंडाला जो कॅन्सर होतो, तो जवळजवळ नेहमी एका विषाणूच्या मागून येतो. एचपीव्ही त्याचं नाव. विषाणू तसा घरोघरचा. नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून नवऱ्याला, आयुष्यात कधीतरी बहुतेकांना होऊन जातो, आणि वर्षा-दोन वर्षांत शरीर त्याला आपणहून हाकलतं. कुणाला पत्ताही लागत नाही. पण काहीजणींच्या अंगात तो ठाण मांडून बसतो, आणि मग पेशीच्या आतली व्यवस्था पोखरायला लागतो.

ती व्यवस्था कशी असते, हे शिबिरातल्या तेजल नावाच्या पोरीनं बायकांना मागाचंच उदाहरण देऊन सांगितलं होतं. इचलकरंजीत दुसरं उदाहरण द्यायचं तरी कशाला? पेशी म्हणजे माग, म्हणाली ती. जनुकांचा हुकूम घेऊन लांब लांब आरएनएचे धागे येतात आणि त्यावरून प्रथिनं विणली जातात. पण पेशीत दुसरेही आरएनए असतात, अगदी चिमुकले, वीस-बावीस अक्षरांचे. ते स्वतः काहीच विणत नाहीत. ते फक्त त्या लांब धाग्याला जाऊन चिकटतात आणि म्हणतात, बास, आता थांब. मागावर उभा दोरा तुटला की बारीकशी पत्ती खाली पडते आणि माग बंद होतो, बघितलंय ना तुम्ही? तसे हे. विषाणू काय करतो, आधी पेशीच्या राखणदारांना गारद करतो, आणि त्याबरोबर या चिमुकल्यांचा तोल बिघडतो. थांबवणारे कमी होतात, थांबवणाऱ्यांनाच थांबवणारे वाढतात. दोरा तुटलाय तरी माग चालूच. मग कापड कसं निघणार?

तर हे नवीन मशीन असे चाळीस चिमुकले आरएनए मोजायचं. बाईनं आडोशाला जाऊन स्वतःच ब्रश फिरवून नमुना द्यायचा, डॉक्टरसमोर झोपायचीही गरज नाही. कुठला आरएनए किती चढला, कुठला किती उतरला, यावरून मशीन दोन गोष्टी सांगायचं. विषाणू किती दिवस मुक्कामाला आहे, आणि पेशी किती बिघडल्यात. मुक्काम लांबला की धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांना तो आकडा हवा होता. तोच आकडा घरी गेल्यावर काय होईल, हा विचार रिपोर्ट छापणाऱ्याच्या मनात आलाच नव्हता.

वैजूनं त्याच दिवशी आरोग्य खात्याच्या आशाताईंना गाठलं. सुनंदाताई त्यांचं नाव, गल्लीतल्याच. "नमुने बदलले असतील," वैजू म्हणाली. "एकाच टेबलावर पन्नास डब्या होत्या." सुनंदाताईंनी कुरकुर न करता दुसरा ब्रश दिला. वैजूनं डबीवर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, वर चिकटपट्टी लावून सही केली.

पंधरा दिवसांनी दुसरा रिपोर्ट आला. मुक्काम, दोन वर्षं अकरा महिने.

म्हणजे बघा, मशीन इतकं पक्कं होतं की मधल्या दिवसांमुळं महिनासुद्धा पुढं सरकला होता. श्रीशैलनं तो रिपोर्टही वाचला आणि नुसतं "हं" केलं. त्या "हं"पेक्षा त्यानं भांडी फेकली असती तर बरं झालं असतं.

मग घरात सुरू झालं ते काय सांगायचं. ओरडाआरडा नाही, मारहाण नाही. नुसती चौकशी. श्रीशैल सहज म्हणून शेजारच्या किराणावाल्याशी गप्पा मारायला लागला. पाण्याचा फिल्टर बसवायला कोण आला होता, ईश्वरीची शिकवणी घरी घ्यायचे ते सर किती वाजता यायचे, सुताला खळ लावतात त्या सायझिंगमधला तो पोरगा अजून ह्या बाजूला असतो का. सोळा वर्षांच्या ईश्वरीला त्यानं एकदा गाडीवरून आइस्क्रीमला नेलं. परत आल्यावर पोरगी थेट आईजवळ आली आणि म्हणाली, "मम्मी, पप्पांनी विचारलं तू फोनवर कुणाशी बोलायचीस. मी मामा सांगितलं. बरोबर ना?"

"बरोबर ना" म्हणजे काय? वैजूला ते वाक्य रिपोर्टपेक्षा जास्त लागलं.

सासूबाई, म्हणजे आत्या, काहीच बोलत नव्हत्या. पण वैजूनं चिरलेली भाजी त्या परत निवडायला लागल्या.

आणि वैजूचं स्वतःचं डोकंही काही ठिकाणावर नव्हतं. तिला पक्कं माहीत होतं, आयुष्यात नवऱ्याशिवाय तिला कुणाचा हात लागलेला नाही. पण मशीन दोनदा तेच सांगतंय. मग? अडीच वर्षांमागं तिचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. पूर्ण भूल दिली होती. त्या दीड तासात खोलीत कोण कोण होतं? तिनं जुनी फाईल काढली आणि डॉक्टरांची, वॉर्डबॉयची, कुणाकुणाची नावं वाचत बसली. बिचारे ज्यांनी तिचा जीव वाचवला, त्यांच्याकडं ती आता तसल्या नजरेनं बघायला लागली होती. स्वतःचीच शिसारी आली तिला. तरी फाईल मिटवेना. शेवटी तारखा बघितल्या, तर ऑपरेशन मुक्कामानंतर पाच महिन्यांनी झालेलं. सुटल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, मग कोण?

एका रविवारी श्रीशैलनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "श्रावण संपेपर्यंत मी थांबतो. काय असेल ते खरं सांग. नाहीतर तू माहेरी जा. ईश्वरी इथंच राहील."

"आणि तुमचं काय?" वैजू म्हणाली. "तुम्ही तीन वर्षं तिकडं होता. मी कधी विचारलं?"

"मी इथं नव्हतोच की," तो म्हणाला, अगदी शांतपणे. "तुझ्यात आला तेव्हा मी चार हजार किलोमीटर लांब होतो. मशीन माझ्याबद्दल नाही बोलत."

तर आता वैजू कामाला कुठं होती, तर मेंडिंगला. मेंडिंग म्हणजे मागावरनं उतरलेलं कापड दिव्याच्या टेबलावर ओढायचं आणि चुका शोधायच्या. सुटलेला दोरा, गाठ, तेलाचा डाग. सापडली की खडूची खूण करायची. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. बायका म्हणायच्या, वैजूच्या नजरेतनं देवाच्या शालूतली चूकही सुटायची नाही.

समोरच्या टेबलाला रुक्साना असायची, तिची जिवाभावाची. तिला वैजूनं सगळं सांगितलं होतं. रुक्सानाचा स्वतःचा रिपोर्ट कोरा आला होता, पण ती वैजूपेक्षा जास्त चिडली होती. "तू त्याला सरळ सांग, तुझा नमुना दे म्हणावं."

"पुरुषांचा कुठं घेतात?"

"का? पुरुषांना काय विषाणू वर्ज्य आहे?"

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरच्या गंगाक्का म्हणाल्या, "कसला विषाणू गं? माझ्यात बी हाय म्हणं एक. तीन वर्षं झाली मुक्कामाला येऊन."

चौघीजणी हसल्या. गंगाक्काही हसल्या. मग कापड ओढता ओढता सहज म्हणाल्या, "ह्यास्नी जाऊन चौदा वर्षं झाली. मेल्यावर तरी सुधारतील वाटलं हुतं."

परत सगळ्या हसल्या. वैजू मात्र हसली नाही. तिचा हात कापडावरच थांबला.

मेंडिंगवाल्या बाईची एक सवय असते. एखादी चूक एकदाच दिसली तर दोऱ्याला दोष. पण तीच चूक दुसऱ्या ताग्यातही दिसली, तर दोऱ्याला दोष द्यायचा नाही. उठायचं आणि माग बघायला जायचं.

"आक्का, तुमचा रिपोर्ट आहे का जवळ?"

दुपारच्या सुट्टीत वैजूनं हॉलमधल्या सगळ्या बायका गोळा केल्या. शिबिरात नमुना दिलेल्या अकराजणी निघाल्या. त्यातल्या चौघींच्या अंगात विषाणू. कुणी बोलायला तयार नव्हतं. एकीच्या नवऱ्यानं तर नुसतं विषाणूचं नाव ऐकून जेवणच बाहेर सुरू केलं होतं, ते तिनं आत्ता पहिल्यांदा सांगितलं. वैजूनं टेबलावरच खडूनं रेघा मारल्या. नाव, शिबिराचा दिवस, टेबल, मुक्काम. दिवस एकच, टेबल एकच. दोघींचे मुक्काम त्यांच्या मते ठीक होते, दोघींचे अशक्य. मग फरक कशात?

"वय सांगा," वैजू म्हणाली.

"एकतीस." "अठ्ठावीस." दोघी धाकट्या, दोघी सरकारी दवाखान्यात जन्मलेल्या. त्यांचे मुक्काम ठीक.

"आक्का, तुमचं?"

"सदुसष्ट."

रुक्साना म्हणाली, "काय सांगता आक्का, सदुसष्ट? जिना तर आमच्या आधी चढता."

"अगं ते कागदावरचं. पेन्शन लवकर बसावी म्हणून आमच्या दिरानं आधारवर वाढीवलंय. खरं म्हणशील तर साठ बी न्हाईत."

वैजूचा खडू तिथंच मोडला.

कारण तिची स्वतःची जन्मतारीख होती एक जून. तिच्या गावातल्या निम्म्या पोरांची एक जूनच होती. हेडमास्तरांच्या पेनातून दुसरी तारीख उतरायचीच नाही. पण वैजूचं नुसतं तारखेवर भागलं नव्हतं. त्या वर्षी पहिलीचा पट भरत नव्हता, वर्ग बंद पडायला आला होता. मोठी बहीण शकू शाळेला निघाली तेव्हा तीन वर्षांची वैजू तिचा परकर धरून मागं गेली, आणि गुरुजींनी तिला बसवून घेतली, सहा वर्षांची म्हणून. पट भरला. वैजू पुढं तीन वर्षं पहिलीतच बसली, पण कागदावर मोठी झाली ती झालीच. ह्याची माहेरी नेहमी चेष्टा व्हायची. त्यात काही वावगं आहे असं कुणाला कधी वाटलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती रुक्सानाला घेऊन तेजलच्या ऑफिसात गेली. तेजल पंचवीस-सव्वीसची, चुरूचुरू बोलणारी. पण वैजूनं "वय चुकलं तर काय होतं?" असं विचारल्यावर ती उठली आणि आधी दार लावून आली.

"वय आधारवरून आपोआप भरतं. का, काय झालं?"

"माझं तीन वर्षांनी जास्त आहे."

तेजलनं स्क्रीनवर तिचा रिपोर्ट उघडला. मग तिनं सांगितलं ते असं. ही चिमुकली मंडळी फक्त विषाणूमुळंच चढत-उतरत नाहीत. वय वाढतं तसाही त्यांचा तोल हळूहळू सरकतो. म्हणून मशीन आधी वयाचा वाटा वजा करतं, आणि जे उरेल ते विषाणूच्या नावावर टाकतं. आता बाई खरी सदतिसाची आणि कागदावर चाळिसाची असेल, तर मशीन वयाच्या नावानं जास्त वजा करणार. विषाणूच्या नावावर कमी उरणार. मुक्काम आखडणार. त्यात चाळिशीच्या आसपास हा वाटा झपाट्यानं बदलतो, त्यामुळं तीन वर्षांच्या चुकीचा आकडा तीनच वर्षांनी सरकेल असंही नाही.

"म्हणजे माझं दोन वर्षं दहा महिने खोटं?"

"ताई, तुम्ही सांगताय ते खरं असेल तर… हो." आणि मग आवाज खाली आणून, "तुम्ही हे अजून कुणाला सांगितलंय?"

रुक्सानानं वैजूकडं बघितलं. "का? कुणाला सांगायचं नाही?"

"तसं नाही. म्हणजे, वर कळवायला लागेल मला. ह्या जिल्ह्यात अठ्ठावीस हजार रिपोर्ट गेलेत."

"मग कळवा की."

"कळवते. पण मला वय हातानं बदलता येत नाही. जन्माचा खरा दाखला लागेल."

दाखला होता. शाळेनं काहीही लिहिलं असलं तरी ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत वैजूची खरी तारीख होती, दिवाळीच्या पाडव्याची. शकूला फोन केला की ती दोन दिवसांत उतारा काढून आणणार. वैजूला वाटलं, सुटले. ती घरी आली, चप्पल काढायच्या आधी सगळं बोलून मोकळी झाली. श्रीशैल ऐकत राहिला, भुवया वर करून, गिऱ्हाईक घासाघीस करायला लागल्यावर दुकानदार ऐकतो तसा.

आत्या मात्र ताडकन उठल्या. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या तिच्याशी बोलल्या. "त्यो दाखला काढू नगंस."

"का?"

"कागदावर एकोणीस हुतीस म्हणून लगीन झालं तुझं. आता म्हणशील सोळाची हुते. मग आमास्नी आत घालतील सगळ्यास्नी."

वैजूनं पायातली चप्पल काढली. एकवीस वर्षं तिला वाटत होतं की ही गोष्ट फक्त माहेरी माहीत आहे.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

आत्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुझ्या आईनंच सांगितलं हुतं. पोरगी ल्हान हाय, सांभाळून घ्या म्हणाली."

श्रीशैल खाली बघत होता. त्यालाही ठाऊक होतं. बघा म्हणजे, ज्या घरात दोन महिने खरं सांग, खरं सांग म्हणून हिचा पिच्छा पुरवला होता, त्या घरातल्या प्रत्येकाच्या पोटात हिच्याच वयाचं खोटं बसलं होतं.

"एवढ्यासाठी पोलीस कुणी येत नाही आता," वैजू म्हणाली. "आणि आले तर येऊ द्यात. मी ईश्वरीला सोडून जाणार नाही."

शकू शुक्रवारी दाखला घेऊन आली. तेजलनं वरिष्ठांशी फोनवर वाद घातला, दोनदा आवाज चढवला, एकदा रडवेली झाली, आणि शेवटी जुन्याच नमुन्याचे आकडे नवीन वय घालून मशीनमधनं परत काढले. मशीनला काय, अर्धं मिनिट लागलं. ह्या वेळी मोबाईल नंबर वैजूनं स्वतःचा दिला होता, पण तेजल म्हणाली, "फोनवर नको. हातात देते. बसा तुम्ही."

वैजूनं उभ्यानंच कागद हातात घेतला.

विषाणूचा मुक्काम, अंदाजे : ६ वर्षे ११ महिने. धोका : लाल. पंधरा दिवसांच्या आत तज्ज्ञांकडे.

"मुक्कामाबरोबर धोकाही त्याच हिशोबातनं निघतो," तेजल म्हणाली. "वय जास्त धरल्यामुळं बिघाडही कमी दिसत होता. पिवळा नव्हताच तो कधी."

"म्हणजे कॅन्सर झालाय?"

"असं हे मशीन म्हणत नाही. थांबवणारे खूप खाली गेलेत, एवढं दिसतंय. कॅन्सरच्या आधीचा टप्पा असू शकतो. दुर्बिणीनं बघतील, तुकडा तपासतील, बिघडलेला भाग काढून टाकतील. ह्या टप्प्यावर धरलं तर बहुतेक बायका बऱ्या होतात, ताई. पण तो पहिला रिपोर्ट धरून तुम्ही वर्षभर थांबला असतात, तर…"

"आणि ही सात वर्षं? ही तरी खरी?"

तेजल म्हणाली, "खरं सांगू? तेही खात्रीचं नाही. विषाणू कधी कधी दहा-वीस वर्षं गप्प पडून राहतो आणि मग डोकं वर काढतो. मशीनला तो जागा झाल्यावरच दिसतो. आणि कुणाकडनं आला, हे तर कुठलंच मशीन सांगू शकणार नाही. ती ओळ छापायलाच नको होती."

सात वर्षांमागं. वैजू जिना उतरता उतरता मोजत होती, मोजायचं नाही असं ठरवूनही. सात वर्षांमागं श्रीशैल कुठं होता? घरीच होता. म्हणजे महिन्यातले वीस दिवस घरी. उरलेले दहा दिवस सुरतला, मशिनी बसवायला. तेव्हा त्यानं फोनला नवीन लॉक टाकलं होतं आणि तिनं विचारल्यावर म्हणाला होता, कंपनीचा नियम आहे. तिनं विश्वास ठेवला होता. आता ठेवावा का? की तेजल म्हणते तसं, हेही नुसतं मशीनचं बडबडणं? दोन महिने जो किडा श्रीशैलच्या डोक्यात होता, तो आता तिच्या डोक्यात शिरत होता, आणि तो कसा चालतो हे तिला पाठ झालं होतं.

घरी श्रीशैल आणि आत्या दोघं होते. ईश्वरी क्लासला. वैजूनं कागद श्रीशैलच्या हातात दिला. एकोणीस वर्षं चुका बघितलेली नजर तिची, ती फक्त त्याचं बोट बघत होती.

बोट वयावर थांबलं, मग मुक्कामावर आलं.

"सहा वर्षं अकरा," तो पुटपुटला. त्याच्या चेहऱ्यावर आधी हायसं वाटल्यासारखं आलं. खरंच आलं, तिनं बघितलं. बायको निर्दोष निघाल्याचं ते हायसं होतं. पण ते अर्धं मिनिटही टिकलं नाही. बोट तिथंच होतं. ओठ हलत होते. तो मोजत होता.

"अंदाजे लिहिलंय," तो म्हणाला.

"हो. आधीच्यावरही लिहिलं होतं."

"नाही, म्हणजे आज हे सांगतंय, उद्या आणि काहीतरी सांगेल. मशीनच बोगस आहे हे." त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "मी म्हणतो असल्या मशीनवर विश्वास तरी कसा ठेवायचा माणसानं? एवढ्यावरनं लोकांचे संसार मोडतील."

वैजू त्याच्याकडं बघत होती. तिला वाटलं होतं, आपण इथं ओरडू. सुरत म्हणू. फोनचं लॉक म्हणू. तो कसा गप्प होतो ते बघू. पण त्याचं बोट अजून वरच्याच ओळीवर होतं, आणि तिला एकाएकी त्या बोटाशिवाय दुसरं काही दिसेना.

आत्यांनी चष्मा लावला. "आण बघू हिकडं." त्या कागद डोळ्यांजवळ धरून एक एक अक्षर लावत वाचायला लागल्या. वय वाचताना जरा अडखळल्या. मुक्कामावरनं पुढं गेल्या. मग थांबल्या.

"वैजू, हे लाल म्हंजे काय गं?"

श्रीशैलनं मान वळवून परत कागदाकडं बघितलं, पहिल्यांदाच खालच्या बाजूला.

मिरजेच्या हॉस्पिटलात बुधवारची वेळ मिळाली. श्रीशैलनं गाडी सांगितली, पुढं ड्रायव्हरशेजारी बसला. मागं वैजू आणि रुक्साना. आत्यांनी देवापुढं नारळ ठेवला होता आणि वैजूच्या हातात दह्याची वाटी दिली होती. "मला बी ब्रश आणून दे म्हणावं सुनंदाला," एवढंच म्हणाल्या. रस्ताभर श्रीशैल काही ना काही करत राहिला. पाण्याची बाटली मागं दिली, एसी कमी केला, आता लागेल ह्या रस्त्याला खड्डा, असं सांगितलं. वाईट माणूस नव्हता तो. हेच तर अवघड होतं.

आत जायच्या आधी टेबलाशी बसलेल्या सिस्टरनं फॉर्म भरून घेतला. तेजलनं वर कळवल्याचा एवढा परिणाम झाला होता की "कागदावरचं वय" आणि "खरं वय" असे दोन वेगळे रकाने पेनानं आखले होते. मग सिस्टरनं ड्रॉवरमधून एक सीलबंद डबी काढली आणि टेबलावर श्रीशैलसमोर ठेवली.

"मिस्टर ना तुम्ही? पुरुषांचीही तपासणी निघालीय आता. बाथरूम डावीकडं. दहा मिनिटांचं काम आहे."

श्रीशैल डबीकडं बघत राहिला. "पण ते मशीन तर चुकतं ना? वयामुळं?"

"वय बरोबर असेल तर नाही चुकत फारसं. तुमची जन्मतारीख बरोबर आहे का?"

त्याचा जन्म सांगलीच्या सरकारी दवाखान्यातला. वेळेसकट नोंद होती. आत्या कौतुकानं सांगायच्या सगळ्यांना.

"बरोबर आहे," वैजू म्हणाली. त्याच्या वतीनं तीच म्हणाली.

"मग घ्या," सिस्टर म्हणाली आणि पुढच्या फॉर्मकडं वळली.

श्रीशैलनं हात खिशातनं बाहेर काढला. परत आत घातला. "नंतर बघू की," तो म्हणाला. "आधी हिचं होऊ दे."

तेवढ्यात आतनं वैजूचं नाव पुकारलं. ती उठली, मंगळसूत्र आणि पाटल्या काढून रुक्सानाच्या हातात दिल्या. सिस्टर दारापर्यंत सोबत आली आणि फॉर्मवर पेन टेकवून म्हणाली, "सोबत कोण आहे लिहू?"

वैजूनं मागं वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती डबी टेबलावर आहे की नाही ते दिसलं असतं, आणि आत टेबलावर झोपल्यावर तिला तेच दिसत राहिलं असतं.

"रुक्साना शिकलगार," तिनं सांगितलं आणि ती आत गेली.